बोरखडीची बावीस घरं

“शांतवन, उतर रे खाली. पोरं आली.”

मी जुन्या शाळेच्या छपरावर शेवटची कौलं बसवत होतो. खाली पाहिलं तर रिबकाआत्या फाट्यावरून चालत आलेली, पदर कमरेला खोचलेला, आणि तिच्या मागे पाच पोरं. सगळ्यांत पुढे नऊएक वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर तिचा भाऊ. भाऊ चांगला तीन वर्षांचा, चालता-पळता. तरी फाट्यापासून दोन मैल तिनं त्याला कडेवरच आणलं होतं.

“दे इकडं त्याला,” शिडीवरून उतरत मी म्हणालो.

“नको. त्यो वळखीबिगर कुणाकडं जात न्हाई.”

ती गोदा. भावाचं नाव किसन, पण ती त्याला धाकटाच म्हणायची. तिनं आधी दार पाहिलं, मग खिडक्या, मग मला विचारलं, “इथं किती दिस ऱ्हायचं?”

“किती म्हंजे? आता हितंच.”

“ही तिसरी जागा हाये,” ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, आपण बसचा नंबर सांगतो तसं.

“ही शेवटची,” मी म्हणालो. हाताला चुना लागलेला, नाताळ नुकताच होऊन गेलेला, छप्पर माझ्या हातचं; अशा वेळी माणूस भलतंच ठाम बोलतो.

रिबकाआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. लग्न केलं नाही. तालुक्याच्या मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होती. निवृत्त झाल्यावर लोक दवाखान्याच्या आवारातच एखादी खोली धरून राहतात, पेन्शन खातात, देवाचं नाव घेतात. आत्याचं डोकं वेगळं. दवाखान्यात आई गेलेली, बाप फिरकलाच नाही अशी पोरं तिनं आयुष्यभर पाहिली होती. त्यातली काही कुठल्या कुठे पाठवली जायची आणि मग त्यांचा पत्ता लागायचा नाही. तिनं मनाशी ठरवलं होतं, की आपल्या गावी, आपल्या माणसांत, अशा पोरांसाठी एक ख्रिस्ती घर काढायचं. “म्हातारपणी पाळणा बांधायला निघाली,” म्हणून गल्लीतल्या बायका हसल्या. पण त्यांनीच पुढे गोधड्या दिल्या.

शाळा म्हणजे मिशनच्या साहेबलोकांच्या काळातल्या दोन दगडी खोल्या आणि पडवी. जिल्हा परिषदेची शाळा झाली आणि ही बंद पडली. नंतर तिथे शेळ्या आणि पत्ते, एवढंच. मी गवंडी माणूस. सहा आठवडे मी तिथे खपलो आणि एक पैसा घेतला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे सांगायचंय ते यामुळे अधिकच वाईट दिसतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

चार महिने ते घर चाललं. माझी बायको सरला सकाळी जाऊन भाकऱ्या थापायची, आत्या कालवण करायची. पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागली. गोदाला एक खोड होती. जेवताना अर्धी भाकरी फडक्यात बांधून उशाशी ठेवायची. आत्यानं तिला कधी रागे भरलं नाही. “तिला जेव्हा पटेल तेव्हा ती आपोआप सोडेल,” म्हणाली. मार्च उजाडेपर्यंत अर्धीची चतकोर झाली होती. आत्यानं ते मला असं सांगितलं, जसं एखादी बाई पोरगा पहिल्या नंबरानं पास झाल्याचं सांगते.

एप्रिलच्या मध्यावर सरपंच भानुदासतात्या पडवीत येऊन बसले. माणूस कडू नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. पोरांच्या हातावर गोळ्या ठेवल्या, चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि मग म्हणाले, “नर्सबाई, या जागेवर दुधाचं केंद्र करावं म्हन्तो गाव.”

“आणि ही मुलं?”

“पोरांचं वाईट व्हावं असं कुनाला वाटतंय? पन जागा कुनाची, ह्याचा निकाल लागाया पायजे का नको? तुमच्या संस्थेची नोंदनी करायची, तर माझा दाखला लागनार. मी कशाच्या जोरावर देऊ?”

आत्या आत गेली आणि ट्रंकेतून जुना कागद घेऊन आली. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. साहेबांनी जाताना लिहून दिलेलं होतं, की ही इमारत आणि भोवतालची जागा बोरखडीत राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपयोगासाठी आहे. गावात ख्रिस्ती रहिवासी उरले नाहीत तर ती गावाकडे जाईल.

तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मग झालं तर,” ते म्हणाले. “एक मेला ग्रामसभा हाये. गावातल्या एका माणसानं, एकाच, उभं ऱ्हाऊन म्हनावं, मी ख्रिस्ती हाये, आन् दप्तरात तशी सही करावी. जागा तुमची. दाखला मी तिथल्या तिथं देतो.”

“मीच उभी राहते.”

“तुमचं नाव तालुक्याच्या मतदारयादीत हाये, बाई. गावच्या न्हाई.”

“हरकत नाही. बावीस घरं आहेत आमची.”

“व्हय की,” तात्या म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मी पडवीच्या पायरीला सिमेंट लावत होतो. मी थापी खाली केली नाही.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर आत्या चर्चमध्ये उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. ती काही मोठी भाषणं करणारी नव्हती. पोरांची नावं घेतली, कागद दाखवला, आणि म्हणाली, “फक्त उभं राहायचं आहे.”

मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, एलियामास्तर. निवृत्त शिक्षक, पांढरं धोतर, खणखणीत आवाज. ते म्हणाले, “आक्का, तुम्ही निर्धास्त राहा. एक मागतो सरपंच? बावीसच्या बावीस घरं उभी राहतील!”

“आमेन,” सगळी मंडळी म्हणाली. आमेन म्हणायला आमच्या लोकांना कधी कमी पडत नाही. मीही म्हणालो.

त्याच दिवशी दुपारी आत्या माझ्या घरी आली. सरलेनं चहा टाकला. आत्या चहा आवडीनं पिणारी, पण त्या दिवशी कप हातात धरून बसली.

“शांतवन, तू उभा राहू नकोस.”

मी माझा कप खाली ठेवला.

“मार्थाचं अजून दीड वर्ष राहिलंय. कुणी अर्ज केला, चौकशी लागली, तर पोरगी अर्ध्यावर घरी येईल. तुझं मला माहीत आहे, म्हणून तुला आधीच सांगते. मनाला लावून घेऊ नकोस. बाकी एकवीस घरं आहेत.”

आता हे काय ते सांगायला हवं. माझी थोरली मुलगी मार्था. सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. चर्चच्या वहीत मार्था शांतवन ओहोळ. जातीच्या दाखल्यावर मंदाकिनी शांताराम ओहोळ, हिंदू महार. सरकारी सवलत हिंदू महाराला मिळते, ख्रिस्ती झालात की जाते. बाप्तिस्म्यानं महारवाडा काही गावाच्या मध्यावर सरकत नाही, विहिरीवरच्या बायका काही आपल्या कळशीला कळशी लागू देत नाहीत. जाते ती सवलत तेवढी. माझ्या बापानं मला शाळेत घालताना शांताराम लिहिलं. मी पोरीला घालताना मंदाकिनी लिहिलं. नर्सिंगचा अर्ज तर आत्यानंच आपल्या हातानं भरला होता, तिचं अक्षर चांगलं म्हणून. धर्माच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं होतं. “काय लिहू?” तिनं विचारलं होतं. “दाखल्यावर हाय त्ये,” मी म्हणालो. तिनं लिहिलं. तिचे कान लाल झाले होते. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

पण आत्याची समजूत अशी होती, की हे माझं एकट्याचं आहे. ती एकतीस वर्षं दवाखान्याच्या आवारात राहिली होती. तिथे सगळे उघड ख्रिस्ती. नोकरीच मिशनची, लपवायचं कुणापासून? गावात कसं चालतं हे तिला ठाऊक नव्हतं. चर्चच्या वहीतली बावीस घरं तिनं मोजली आणि बावीसही धरली. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आम्ही किती आहोत, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

एलियामास्तर दप्तरी एकनाथ होते. त्यांचा मुलगा वीज मंडळात राखीव जागेवर लागला होता. दाविद दप्तरी दत्तू. सुवार्ता सांगत फिरणारा आमचा स्तेफन, तो सदाशिव. बावीसच्या बावीस घरं. हे आम्ही एकमेकांत कधी बोलायचो नाही, पण कुणाच्या पोराचा दाखला आणायचा असला की साक्षीदार म्हणून सही दुसऱ्याचीच लागायची. सगळ्यांचं सगळ्यांना पाठ होतं.

सरला चुलीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. आत्या, एकवीस घरं न्हाईत, एकही न्हाई. एवढंच. त्या वाक्यानं काय झालं असतं? आत्या चार ठिकाणी धावली असती, तालुक्याला पाळकसाहेबांकडे गेली असती, वकील गाठला असता; पंधरा दिवस हातात होते. नाहीतर आमच्यातल्या कुणाचा तरी पाय धरला असता. आणि तो पाय माझा असता. याचीच मला भीती होती.

“व्हय आत्या,” मी म्हणालो. “बाकीचे हायेत की.”

तिनं चहा संपवला आणि सरलेला म्हणाली, “साखर आज बरोबर पडली.” उठताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी चाळीशीला टेकलेला माणूस, पण तिच्या लेखी पोरच. आत्या गेल्यावर सरला म्हणाली, “तुमाला तोंड हाये का न्हाई?” मी तिच्यावरच खेकसलो. आपली चूक असली की बायकोवर ओरडायला बरं पडतं.

ते पंधरा दिवस गल्लीत जो तो दुसऱ्याला धीर देत होता. दाविद मला म्हणाला, “मास्तर उभे ऱ्हातील. त्येंच्या पोराची नोकरी पक्की झालीय, आता कोन काढतंय?” मास्तर स्तेफनला म्हणाले, तुला पोरबाळ नाही, तुला कसली भीती. स्तेफनला शासनाचं घरकुल मंजूर झालं होतं. तो दाविदचं नाव घेत होता. आणि मला तर आत्याचीच परवानगी होती. माझ्याइतका सुखात कुणी नव्हता.

एक मेला झेंडावंदन झालं आणि तिथेच मराठी शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सभा बसली. आमची माणसं डाव्या बाजूला. एरवी ग्रामसभेला आमच्यातले चारपाच यायचे, त्या दिवशी वीस-बावीस होते. आत्याला ते पाहून बरं वाटलेलं दिसलं. ती खुर्ची नाकारून बायकांत खाली बसली, जुना कागद मांडीवर. पोरांना तिनं आणलं नव्हतं. गोदा मात्र धाकट्याला घेऊन पटांगणाच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिला घराचं काय ठरतं ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

विषय निघाला. ग्रामसेवकानं कागद वाचला. मग दप्तर उघडून गावची नोंद वाचली: हिंदू अमुक इतकी घरं, मुसलमान चार, जैन एक.

“ख्रिस्ती निरंक.”

आत्याला हसू आलं. सरकारी कामात असा घोळ व्हायचाच, असं ते हसू. ती उठली. “ते चुकलं आहे, तात्या. आमची माणसं ही काय, इथेच बसली आहेत. उठा रे.”

कुणी उठलं नाही. पलीकडे कुणीतरी खाकरलं.

“एलियादादा,” आत्या म्हणाली.

मास्तर उठले. खरंच उठले. धोतराची धूळ झटकली, घसा साफ केला. मला वाटलं, सुटलो. सगळ्यांनाच वाटलं असणार. डाव्या बाजूला श्वास सोडल्याचं मी ऐकलं. मास्तर तात्यांकडे पाहून म्हणाले, “तात्या, आपलं नाव दप्तरी एकनाथ हाये. तशी नोंद हाये आपली.” आणि खाली बसले. बसताना त्यांनी एक हात जमिनीला टेकला. मास्तर कधी हात टेकून बसत नसत.

आत्याचं हसू गेलं नव्हतं, ते तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. “दाविद?” ती म्हणाली. दाविद वहाणेच्या अंगठ्याशी चाळा करत होता. “स्तेफन?” स्तेफननं मान इतकी खाली घातली की नुसती टोपी दिसत होती. मग ती नावं घ्यायची थांबली. नुसती एकेकाकडे पाहत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि तेव्हा तिला कळलं. मी तिचा चेहरा पाहत होतो, म्हणून मला नेमकं सांगता येतं कधी कळलं ते.

तात्याही अवघडले होते. खरं तर त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. आमचे सगळे दाखले त्यांच्याच सहीनं निघायचे. पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर पाहणं वेगळं. ते म्हणाले, “बाई, एक नाव सांगा. उभं ऱ्हायचं न्हाई तर नका ऱ्हाऊ. तुमी नुसतं नाव सांगा, अमका म्हनून. मी लिहून घेतो.”

आत्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

तिच्याकडे एक नाव होतं, माझं. बाकीच्यांचं गुपित तिला त्या घडीला कळलं होतं, माझं दोन वर्षांपासून ठाऊक होतं. माझा एक गुडघा उचलला गेला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण गुडघा उचलणं म्हणजे उभं राहणं नव्हे. मी तिथेच अडकलो, धड बसलेला नाही, धड उठलेला नाही. मार्था डोळ्यांपुढे होती, पांढऱ्या कपड्यांतली. कुंपणापाशी गोदा होती. मी आत्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिनं माझं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. तिनं घेतलं असतं तर मी उभा राहिलो असतो, आणि मग जन्मभर म्हणालो असतो, आत्यानं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. मला तेही चाललं असतं.

आत्यानं माझ्याकडे पाहून हलकेच मान हलवली. बस, असं. आणि तात्यांकडे वळली.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “बोरखडीत ख्रिस्ती कोणी नाही. लिहून घ्या.”

ग्रामसेवकानं लिहून घेतलं. ठराव मंजूर झाला. हात वर करायला सांगितल्यावर आमच्या बाजूचेही काही हात वर गेले, सवयीनं.

नोंदणीच होणार नाही म्हटल्यावर आठव्या दिवशी पोरांना न्यायला जिल्ह्याहून सरकारी गाडी आली. बरोबर आलेल्या बाई चांगल्या होत्या, सगळ्यांशी नीट बोलल्या. मुलींची व्यवस्था एकीकडे, मोठ्या मुलांची दुसरीकडे, सहा वर्षांखालच्यांची तिसऱ्या गावी. आत्यानं विनवून पाहिलं, की या दोघांना तरी एकत्र ठेवा. बाई म्हणाल्या, तसा नियम नाही.

गोदा रडली नाही. धाकट्याला तिनं स्वतः गाडीत नेऊन बसवलं, त्याच्या मुठीत फडक्यातली भाकरी दिली आणि माझ्याकडे आली.

“काका, त्याला रात्री दोनदा पाणी लागतं. त्यो मागत न्हाई, नुसता उठून बसतो. त्यास्नी सांगितलं का?”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी सांगितलं. बाईंनी मान डोलावली. त्यांच्या हातात कागद होते, त्यांनी कुठे लिहून घेतल्याचं मला दिसलं नाही. आत्यानं नंतर दोन्हीकडे पत्रं टाकली, दोनदा एसटीनं जाऊनही आली. पुढे मुलं आणखी कुठे हलवली आणि माग तुटला. तिला ज्याची भीती होती तेच झालं. या गोष्टीला आता तीस वर्षं होतील. मार्था शिकली, लागली, मोठी सिस्टर झाली. माझं हे पक्कं घर तिच्याच पगारातलं आहे. त्या पोरीचा यात काही दोष नाही, आणि तिला यातलं काही माहीतही नाही.

गाडी गेली तो शुक्रवार होता. रविवारी पाळकसाहेब तालुक्याहून आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. चर्च भरलेलं होतं, बावीसच्या बावीस घरं, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. आत्या नेहमीसारखी पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली, स्वच्छ पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. गीत झालं, वाचन झालं. मग पाळकसाहेब म्हणाले, “आता आपण सर्व ख्रिस्ती जन उभे राहून आपला विश्वास जाहीर करू या.”

सगळे उभे राहिले. एलियामास्तर सगळ्यांत आधी. दाविद, स्तेफन, बायका, पोरंबाळं. आत्या तेवढी बसून राहिली. पाळकसाहेबांना वाटलं, गुडघे धरले असतील. त्यांनी हातानंच खूण केली, बसा, बसा.

मी उभा होतो. दर रविवारी म्हणतो तसं मी सगळं म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत, मोठ्यानं, एक शब्दही न चुकता.